शुक्रवारचं प्रेशर

जेद्द्याच्या शराफिया भागातल्या आमच्या घरात कुठलीही वस्तू एकट्याची राहिलेली मी पाहिली नाही. विमानाच्या बॅगा तोलायचा काटा गावकीचा, मोठं पातेलं गावकीचं, एकाला डॉक्टरने दिलेलं खोकल्याचं औषधही गावकीचं. त्यामुळे हॉस्पिटलने माझ्यासाठी म्हणून दिलेलं प्रेशरचं मशीन माझ्या एकटीच्या हाताला लागेल असं वाटणं, हा माझाच भाबडेपणा.

आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं. गावातला जवळजवळ प्रत्येक उंबरठा कधी ना कधी जेद्द्याला येऊन गेलेला. नवरा कार्गोच्या ऑफिसात. लोकांची खोकी बांधून गावाकडे पाठवायची, हे त्याचं काम. आमच्याकडे फॅमिली आहे, बैठकीची खोली मोठी आहे, म्हणून गावच्या जमातीची बैठक दर शुक्रवारी आमच्याकडे भरायची. जुम्याची नमाज झाली की चपलांचा ढीग दाराबाहेर. मशिदीचं छप्पर, कुणाच्या मयतीची बातमी, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना अडकला, कुणाचा कफील, म्हणजे मालक सुट्टी देत नाही, असं सगळं बोलून झालं की भात आणि सुरमईचं कालवण. या माणसांना आठवडाभर एका खोलीत सहा-सात जणांबरोबर झोपायचं, हॉटेलात खायचं. घरचं ताट त्यांना त्या एका दिवशी मिळे. मी कुरकुर करायची, पण भात कमी पडू द्यायची नाही.

लग्नाआधी मी रत्नागिरीत बीएस्सी केलेलं आणि इथे येऊन काही वर्षं इंडियन स्कूलमध्ये लहान वर्गांना शिकवलेलं. दिवस गेले तेव्हा शाळा सोडली. हॉस्पिटलात नाव घालायला गेले, तिथे एका सौदी डॉक्टरबाईंनी विचारलं, आमच्या अभ्यासात भाग घ्याल का? बाई तरुण होत्या, नकाबाआडून डोळेच दिसायचे, पण डोळ्यांनी नीट ऐकायच्या. गरोदरपणात अचानक चढणाऱ्या प्रेशरचा त्यांचा अभ्यास होता. प्रेशर अगदी शेवटी दिसतं, त्या म्हणाल्या, सुरुवात फार आधी वारेत होते. बाळाची वार गर्भाशयात नीट रुजली नाही, तिला रक्त पुरलं नाही, की ती आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडू लागते. ती आईच्या रक्तवाहिन्या बिघडवतात, मग मूत्रपिंड, मग मेंदू. बाईला पत्ता नसतो. ती जेवते, हसते, बाजारात जाते. ही द्रव्यं रक्तात आधीच ओळखता आली, तर तिला वेळेवर हाताशी धरता येईल.

‘‘पण वार अशी का वागते?’’ मी विचारलं.

‘‘पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही,’’ त्या म्हणाल्या.

डॉक्टर असं म्हणेल याची मला सवय नव्हती. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरला सगळं माहीत असतं. मला त्या बाई आवडल्या आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

त्यांनी पुढे विचारलं, तुमच्या आईला, बहिणीला असं काही झालं होतं का? बहीण मला नाही. आई माझ्या लहानपणीच गेली. दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं, एवढंच मला ठाऊक. घरात त्यावर बोलायची पद्धत नव्हती. तिला बाहेरची बाधा झाली, भरल्या पोटाने तिन्हीसांजेला खाडीवर गेली होती, असं बायका दबक्या आवाजात सांगायच्या.

घरी येऊन मी खालाला व्हिडिओ कॉल लावला. खाला म्हणजे आईची धाकटी बहीण, मला तिनेच वाढवलं. आधी ती उडवाउडवी करत होती. मग मी नेमकं विचारलं, तशी ओढणीने डोळे टिपत बोलू लागली.

‘‘पाय इतके सुजलेले गो, की चप्पल जाईना. डोकं धरून बसायची. डोळ्यांपुढे काजवे दिसतात म्हणायची. आम्ही म्हटलं, उपाशी राहतेस म्हणून. मग आकडी आली. दातखीळ बसली. तुझ्या बाबांनी मौलवींना आणलं, गाडी मिळेपर्यंत दुसरी आली...’’

काजवे, सूज, डोकं, आकडी. डॉक्टरबाईंनी मला दिलेल्या माहितीच्या कागदावर हेच सगळं छापलेलं होतं, त्याच क्रमाने. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. आई बाधेने गेली नव्हती, आजाराने गेली होती. आणि तो आजार आईकडून मुलीकडे येऊ शकतो, हेही त्या कागदावर होतं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी ते लगेच माझ्या कागदांवर लिहून घेतलं. रोज एक छोटी गोळी सुरू झाली, रक्त तपासायला वरचेवर जाणं सुरू झालं आणि पाचव्या महिन्यात ते मशीन घरी आलं.

मशीन साधंच होतं, दंडाला पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. फरक इतकाच, की आतमध्ये सिमकार्ड होतं. जो आकडा दिसे, तो तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या पडद्यावर पोचे. आकडा वर गेला, की अभ्यासाचं काम बघणारी सिस्टर फोन करी. सिस्टर केरळची, तिची हिंदी माझ्या हिंदीइतकीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्या सुमाराला सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर म्हणजे खाला आणि तिचे दुखणारे गुडघे, म्हणून सासूबाईच इकडे आल्या. बाई मायेची, पण बोलायला फटकळ. हॉस्पिटल बाळंतपणानंतर वार ठेवून घेणार, तपासणार, थंड पेटीत जपून ठेवणार, हे ऐकल्यावर त्या हादरल्या.

‘‘वार पुरायची असते गो, बाय. आपल्याकडे परसात माडाच्या मुळाशी पुरतात. तुझ्या नवऱ्याची तिथेच हाय. ती काय मच्छी हाय, बर्फात ठेवायला?’’

‘‘अम्मी, इथे परस कुठाय?’’

‘‘परस नाय म्हणून काय फ्रीजात घालशील?’’

मी सही केली होती, मागे फिरायचं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्याने माझ्याही अंगावर काटा आला. माझ्या आईची वार कुठे पुरली होती, तिच्याबरोबरच का, हे खालाला विचारायचं मला धाडस झालं नाही.

मशीन आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी नवऱ्याच्या मामूंची नजर त्याच्यावर पडली. मामू म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, शाळेची बस चालवायचे. पोट सुटलेलं, मिशी मेंदीने रंगवलेली, सगळ्यांची टिंगल करणारे. ‘‘बघू, माझं किती येतं,’’ म्हणत त्यांनी बाही वर केली. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा पट्टा त्यांच्या दंडावर फुगलेला होता आणि पाठीमागे बाकीचे बाह्या सरसावून उभे.

‘‘अहो मामू, ते माझं आहे! थेट हॉस्पिटलला जातं ते!’’

‘‘मग बरंच झालं. फुकटात तपासतील.’’

हशा पिकला. मामूंचा आकडा भलताच मोठा आला. त्यावर आणखी मोठा हशा. पाच मिनिटांत फोन वाजला. सिस्टर घाबरलेली. ‘‘आपका बीपी बहुत हाई आया. सर दर्द है? आँख में लाइट दिखता है? अभी आ जाओ.’’

‘‘मेरा नहीं, सिस्टर, घर में मेहमान है...’’ मी ओशाळून सांगितलं.

मी रागावले, भांडले, मशीन कपाटात ठेवून कुलूपही लावलं. उपयोग शून्य. ही माणसं दवाखान्यात जायला भितात. आजार निघाला तर कंपनी घरी पाठवील, या धास्तीने डोकं दुखलं तरी पॅनाडोल खाऊन गाडी चालवतात. त्यांना वाटलं, इथे घरातल्या घरात, कुणाला न कळता, आपलं आत काय चाललंय ते बघता येईल. ‘‘अगं, एकदाच,’’ असं नवरा म्हणे आणि किल्ली काढून देई. पाहुण्याला नाही म्हणायचं आमच्याकडे कुणी शिकलेलंच नाही. सासूबाई तर कौतुकाने स्वतः पट्टा बांधून द्यायच्या.

मग दर शुक्रवारी जेवणानंतर पानाच्या ऐवजी प्रेशर. आकडे लागत आणि फोन वाजे. पुढे पुढे फोन सासूबाईच उचलत. हिंदी त्यांना धड येत नव्हती, पण एक वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, ‘‘सिस्टर, वो हमारा मामू का है. लडकी अच्छा है.’’ सिस्टर हसायची. एकदा ती मला म्हणाली, ‘‘फ्रायडे को मेहमान आते हैं ना? मैं समझ गयी. फ्रायडे का टेन्शन नहीं लेगी.’’

मला त्या वाक्याचा संताप आला होता. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की तुम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईला माझ्याकडे पाहायचं बंद करायला शिकवलंत. तो म्हणाला, तू फार विचार करतेस, तुझे आकडे तर चांगलेच येतात. ते खरं होतं, माझे आकडे चांगलेच येत होते. पण मी आईचा विचार करायची. तीही सुरुवातीला चांगलीच होती.

आठवा महिना लागता लागता रक्ताच्या तपासणीत वारेचं ते द्रव्य थोडं वर सरकलेलं दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण आता रोज, सकाळ-संध्याकाळ आकडा हवा. गावी जायला विमानाचा विचारसुद्धा नको. आणि डोकं दुखलं, नजर बिघडली, छातीखाली उजवीकडे कळ आली, तर कुणाची वाट पाहू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

सासूबाईंचा व्हिसा बाळंतपणाआधीच संपत आला होता, वाढवून मिळत नव्हता. जायच्या आधी मक्केला जाऊन एक उमरा व्हायलाच हवा, आणि तो शुक्रवारीच, असा त्यांचा हट्ट. जमातीच्या लोकांनी मिळून गाडी ठरवली. नवरा तयार नव्हता, मीच ढकललं त्याला. दुपार उलटली की येतो, म्हणाला. त्या शुक्रवारी आमच्या दाराबाहेर एकही चप्पल नव्हती.

घर इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. खाली दुकानांची शटरं बंद, रस्ता रिकामा, फक्त एसीचा घरघराट. सकाळपासून डोकं जड होतं. भाताचा वास आला आणि मळमळलं. दुपारी आडवी झाले, तेव्हा डोळ्यांच्या कडेला काहीतरी लुकलुकलं. मला वाटलं पडद्यातून ऊन येतंय. पडदा ओढला. अंधार झाला आणि लुकलुकणं तसंच राहिलं.

मी उठून पट्टा बांधला. आकडा बघितला आणि पहिल्यांदा मनात काय आलं, सांगू? मामूंचं असेल. मला, जिने इतकी आदळआपट केली होती त्या मला, तेच वाटलं. पण खोलीत दुसरा हातच नव्हता. परत बांधला. आकडा आणखी वर.

नवऱ्याला फोन लावला. मागे अजानचा आवाज, गर्दी. ‘‘अगं, मशीनमध्ये जुना आकडा राहिला असेल, मामूंचा. पुन्हा बघ.’’

‘‘दोनदा बघितलं.’’

‘‘...निघतो मी. लगेच निघतो.’’ त्याचा आवाज बदललेला ऐकू आला. मक्केहून जुम्याच्या गर्दीतून बाहेर पडायलाच किती वेळ लागणार होता, ते दोघांनाही माहीत होतं.

मग मी फोन मांडीवर घेऊन बसले. सिस्टरचा फोन येईल. मामूंसाठी आला होता, कुणाच्या कुणा पाहुण्यांसाठी आला होता, पाच मिनिटांत यायचा. माझा आकडा तिच्या पडद्यावर पोचला असणार. मी वाट पाहत राहिले. फोन वाजला नाही. मीच लावला, तर नुसती रिंग जात राहिली. त्या मिनिटांइतकी भीती मला आयुष्यात परत कधी वाटलेली नाही. पोटातलं पोर हलत नव्हतं की मला कळत नव्हतं, अल्ला जाणे. मी मोठ्याने बोलत होते, ‘‘कुणाची वाट पाहू नका, कुणाची वाट पाहू नका.’’ आणि उठायला जात होते तर भिंत सरकत होती.

दारावरची बेल वाजली. मामू. सुट्टी असूनही बस धुण्याची ड्यूटी होती म्हणून ते उमऱ्याला गेले नव्हते, आणि दुपारपर्यंत सगळे परततील या समजुतीने नेहमीसारखे जेवायला आले होते. घरात मी एकटी आहे असं कळल्यावर ते उंबऱ्याबाहेरच थांबले, नजर खाली.

‘‘कोण नाय? मग मी जातो गो, नंतर येईन.’’

‘‘मामू, हात पुढे करा.’’

‘‘काय?’’

‘‘हात!’’

मी दारातच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. मशीन बिघडलंय का, एवढंच मला बघायचं होतं. त्यांचा आकडा आला, नेहमीचाच, ज्याच्यावर आम्ही महिनोन् महिने हसलो होतो तो. त्यांनी वाचला. मग मी त्यांना आधीचा, माझा दाखवला. तो त्यांच्याहून कितीतरी वर होता.

मामू हसले नाहीत. ‘‘चल,’’ म्हणाले, ‘‘यल्ला, चल.’’ माझा काळा अबाया दाराच्या खुंटीवरचा काढून त्यांनी पुढे धरला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

खाली शाळेची रिकामी बस उभी होती. मुलांच्या छोट्या सीटवर मी आडवी झाले. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी पेनाने मांजर काढलेलं होतं, त्याचे डोळे कधी दोन दिसत, कधी चार. मामू सबंध रस्ता मोठ्याने कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते आणि मध्येच सिग्नलला शिव्या देत होते. मला आईची गाडी आठवत होती, जी वेळेवर मिळालीच नाही. मी मनात म्हणत होते, आकडी येऊ नको, गेटपर्यंत येऊ नको.

गेटपर्यंत आली नाही. स्ट्रेचरवर आली. हे मला नंतर सांगितलं, माझ्या आठवणीत तिथे फक्त एक कोरी जागा आहे. शुद्ध आली तेव्हा शिरेतून औषध जात होतं, अंगात आतून विस्तव घातल्यासारखं गरम वाटत होतं आणि पोट सपाट होतं. मी ओरडले. डॉक्टरबाई माझ्या उशाशी होत्या, सुट्टीच्या दिवशी घरून आलेल्या. मुलगी आहे, म्हणाल्या. लहान आहे, फार लहान, पण श्वास घेतेय.

काचेच्या पेटीत ती कितीतरी आठवडे होती. रोज मला वाटे, आज फोन येईल. फोन वाजला तरी छातीत धस्स होई, नाही वाजला तरी होई. सिस्टर एकदा येऊन माझा हात धरून रडली. तिच्यावर रागवावं, तर चूक तिच्या एकटीची नव्हती.

काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. मशीन परत करायचं होतं. त्या अवघडून म्हणाल्या, की तुमच्या घरातून आलेले आकडे आम्हाला अभ्यासात धरता येणार नाहीत. कुठला हात कुणाचा, हे कळायला मार्ग नाही.

‘‘तो शेवटचा तर माझा होता,’’ मी म्हटलं. ‘‘तोही नाही?’’

‘‘तोही नाही.’’

मला राग आला, आजही येतो. ज्या आकड्याने मला जवळजवळ मारलंच होतं, तो कुणाचाच नाही म्हणून पुसला गेला. मग त्या म्हणाल्या, वार मात्र आमच्याकडे आहे. ती आम्ही बघितली. बऱ्याच जागी तिला रक्त पोचलंच नव्हतं, काही भाग वाळून गेला होता. तिच्यावरून पुढे पुष्कळ कळेल. आता तुमचं प्रेशर आयुष्यभर बघत राहायचं, हृदयालाही जपायचं. आणि मुलगी मोठी झाली, तिला दिवस गेले, तर तिच्या डॉक्टरला हे सगळं सांगायचं. विसरू नका, त्या म्हणाल्या. मी विचारलं, तोपर्यंत तुम्हाला उत्तर मिळालेलं असेल ना? त्या म्हणाल्या, आम्ही शोधतोय.

मामूंना मी ओढत दवाखान्यात नेलं. आता ते गोळी घेतात आणि माझ्या नावाने खडे फोडतात. सासूबाई गावाहून फोनवर अजून विचारतात, वार परत मिळेल का, मिळाली तर कुणी येणाऱ्याच्या हाती पाठवून दे. मी म्हणते, विचारते. जेद्द्यात कुठल्याशा फ्रीजरमध्ये ती आहे, माझी आणि माझ्या मुलीचीही.

नवऱ्याने नवीन मशीन आणलं, साधं, सिमकार्ड नसलेलं. रोज सकाळी मी खिडकीशी बसून पट्टा बांधते. मुलगी आता केजीत जाते. मराठी कळते तिला, उत्तर हिंदीत देते. परवा मी पट्टा सोडला, तशी ती फ्रॉकची बाही वर करून समोर येऊन उभी राहिली, हात ताठ पुढे केलेला.

‘‘अम्मी, मेरा भी.’’

तो पट्टा तिच्या दंडाला कितीतरी मोठा. दोन वेढे घेऊनही सैलच राहिला. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

‘‘दबाएगा ना?’’

‘‘हो, दाबेल,’’ मी म्हटलं. बटणावर बोट ठेवलं, आणि ते तसंच ठेवून बसले.